पाचव्या मजल्यावरचा मित्र

आमच्या हेल्पलाइनवर नऊ वर्षांत एकाही निवृत्त फौजीने स्वतःसाठी फोन केला नव्हता. सगळे मित्रासाठी करायचे. ‘माझ्या एका मित्राला झोप लागत नाही.’ ‘माझ्या एका मित्राची पेन्शनची कागदं अडकलीत.’ ‘माझा एक मित्र आहे, त्याला हल्ली कमी ऐकू येतं,’ असं एकाने मला चार वेळा सांगितलं, कारण मी काय विचारतेय ते त्यालाच ऐकू येत नव्हतं. बंदुकीसमोर छाती काढून उभी राहणारी ही माणसं, ‘मला मदत हवी’ एवढे तीन शब्द म्हणायची वेळ आली की मित्राच्या पाठीमागे लपतात.

खरं सांगायचं तर आमच्याकडे द्यायला काहीच नाही. एक मोठी खोली, सहा टेबलं, सहा फोन आणि एक यादी. यादीत शहरातले डॉक्टर, शाळा, वकील, सुतार, गाडीवाले, शिकवणीवाले, असे सगळे फौजींच्या घरच्यांसाठी हाकेला धावून येणारे लोक. फोन आला की आम्ही या टोकाची गाठ त्या टोकाशी मारून देतो. गाठ नीट बसली की मला इतका आनंद होतो की मी खुर्चीतून उठून एक गिरकी घेते. आमच्या मोठ्या बाईंना ते अजिबात आवडत नाही.

मोठ्या बाईंना आणखी एक गोष्ट आवडत नाही. आमच्या फॉर्मवर दुसरा रकाना आहे, ‘मदत कोणासाठी?’ फोनवरून ‘मित्र’ हा शब्द आला की मी न विचारता तिथे ‘स्वतः’ लिहून टाकते.

“अगं, विचारत जा,” बाई म्हणायच्या.

“विचारलं की लाजतात, आणि फोन ठेवतात. मला आवाजावरून कळतं, बाई.”

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं बाई पुटपुटायच्या. मी ऐकलं न ऐकल्यासारखं करायची.

त्या दिवशी दुपारी एक चाळीसला फोन वाजला. वयस्क, खणखणीत आवाज.

“ताई, माझा एक मित्र आहे.”

मी पेन उचललं आणि ‘स्वतः’ लिहिलं. “बोला, काका.”

“व्हीलचेअरवर असतो. पाचव्या मजल्यावर राहतो. दोन महिने झाले, लिफ्ट बंद. आज दुपारी दुरुस्त करून देतो म्हणाले होते. मेकॅनिक आत्ताच येऊन गेला. पार्ट मिळाला नाही म्हणे. आणि आज चार वाजता त्याच्या लेकीचं संचलन आहे.”

“कसलं संचलन?”

“फायर ब्रिगेडचं. ट्रेनिंग संपलं तिचं. आज शपथ. बाप-लेक दोघंच आहेत हो घरात. तिला तो काल म्हणाला, लिफ्ट उद्या दुपारी नक्की चालू होतेय, मी येतो, पहिल्या रांगेत बसतो. पोरगी नाचत गेली सकाळी.” इथे त्यांचा आवाज जरा हलला. “खात्री नसताना बोलला तो. तिचं लक्ष परेडमध्ये राहावं म्हणून. ती रांगेतून मान वळवेल आणि खुर्ची रिकामी दिसेल.”

बिचारे काका, स्वतःच्याच लेकीबद्दल बोलतायत आणि मित्राचं नाव पुढे करतायत!

“तुमच्या मित्राला आपण चारच्या आत मैदानावर पोचवू,” मी ‘मित्राला’वर जरा जोर देऊन म्हटलं, म्हणजे त्यांना कळावं की मला कळलंय. “तुमचा पत्ता सांगा.”

त्यांनी सांगितला. सांगणारच. फौजी माणूस विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतो, मापात, एक शब्द जास्त नाही. मी विचारलं ‘तुमचा’ पत्ता, त्यांनी त्यांचा पत्ता दिला.

“पाचवा मजला ना?”

“मित्राचा पाचवा.”

“हो हो, मित्राचा,” मी म्हटलं, आणि शेजारच्या टेबलाकडे बघून डोळा मारला.

मग माझी बोटं पळायला लागली. रुग्णवाहिकेवाल्यांकडे जिन्यावरून माणूस उतरवायची खुर्ची असते, पण ती सहा वाजेपर्यंत अडकलेली. फायर ब्रिगेडला फोन करणं म्हणजे काखेतला कळसा, पण त्यांची अर्धी माणसं मैदानावर, उरलेली आगीसाठी राखून ठेवलेली. शिवाय बातमी लेकीच्या कानावर गेली असती. व्यायामशाळेतले दोन तगडे मास्तर रजेवर. एक पंचावन्न झाले. नाकी नऊ आले म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी यादी वरून खाली वाचत होते आणि एकदम एका नावावर थांबले. घरसामान हलवणारे!

फौजेतल्या घरांचं आयुष्य खोक्यांत जातं. माझे अहो फौजेत आहेत, माझं स्वतःचं घर पाच वेळा हललंय, आणि त्यातलं तीन वेळा याच लोकांनी हलवलंय. त्यांचा मुकादम म्हणजे डोंगराएवढा माणूस. माझं लोखंडी कपाट त्याने एकदा पट्ट्यात अडकवून पाठीवर घेतलं होतं आणि वर शीळ घालत जिना उतरला होता.

“मुकादम, व्हीलचेअरवरचा माणूस पाच मजले खाली आणाल का? आत्ता?”

“वजन?”

“माहीत नाही हो!”

“फ्रिजपेक्षा कमीच असेल,” तो म्हणाला. “ट्रक जवळच आहे. पत्ता बोला.”

मी पत्ता दिला, फोन ठेवला आणि गिरकी घेतली. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. मी बसले.

दोन वाजून अठरा मिनिटांनी मुकादमाचा फोन आला.

“ताई, पोचलो. हे बैठं घर आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे याला वरचा मजलाच नाही. पाचवा मजला काय आभाळात शोधू?”

“नीट बघा! दार वाजवा!”

“वाजवलं. काका समोर उभे आहेत. दोन्ही पाय शाबूत. हातात भांडी घासायची घासणी आहे.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पलीकडून काकांचा तोच खणखणीत आवाज आला, “अहो, मी सांगितलं ना ताईंना, मित्र आहे म्हणून! मित्र पुलापलीकडे राहतो!”

खरोखरचा मित्र होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी खरोखरचा मित्र होता, आणि मी त्या बापलेकीच्या दिवसातली वीस मिनिटं माझ्या शहाणपणाच्या चुलीत घातली होती. मी फोन कानापासून दूर धरला आणि स्वतःला मोठ्याने एक शिवी दिली. मोठ्या बाई उठून माझ्या टेबलाशी आल्या. आता बोलणार, असं वाटलं. त्यांनी फोनचा स्पीकर चालू केला, खुर्ची ओढली आणि घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलं.

“काका, ट्रकमध्ये बसा,” मी ओरडले. “रस्ता दाखवा. फोन बंद करू नका!”

“घासणी?”

“टाका ती घासणी!”

ट्रक निघाला. काका पूर्वी फौजेत ड्रायव्हर होते, हे आम्हाला पहिल्या दोन मिनिटांतच कळलं, कारण ते गप्प बसेनात. “डावीकडून घे. अरे डावीकडून! गिअर बदल, रडतंय ते इंजिन.” ट्रकवाल्या पोराचा वैतागलेला आवाज आला, “काका, चालवू का मी?” तेवढ्यात मुकादम हळूच फोनवर माझ्याशी बोलला.

“ताई, एक सांगू? काकांचं घर मी ओळखतो. दोन वर्षांपूर्वी सामान मीच टाकून गेलो होतो तिथे. आमची खोकी अजून तशीच आहेत हॉलमध्ये. एकही उघडलेलं नाही. चिकटपट्टीसुद्धा माझ्या हातची.”

“बरं,” मी म्हटलं. मला तेव्हा दुसरं काही सुचायला वेळ नव्हता. पुलावर गर्दी होती आणि माझा सगळा जीव त्या पुलावर होता.

दोन पंचेचाळीसला ते पोचले. या वेळी पाच मजले होते. काकांनी मोठ्याने मोजले. धापा टाकत सगळे वर गेले. दार उघडल्याचा आवाज आला आणि मग एक नवीन आवाज, हळू पण पोलादी.

“कोण तुम्ही? आणि तू इथे काय करतोयस?”

“साहेब, तुम्हाला न्यायला आलोय. लेकीच्या परेडला.”

हे साहेब म्हणजे पाचव्या मजल्यावरचे मित्र. फौजेत काकांचे वरिष्ठ, सगळा जन्म स्टोअर सांभाळण्यात गेलेला. बुटाच्या नाडीपासून तंबूपर्यंत प्रत्येक वस्तू त्यांच्या सहीने आत आली आणि सहीने बाहेर गेली, असं काकांनी वाटेत सांगितलं होतं.

“मी कुणाला बोलावलं नव्हतं,” साहेब म्हणाले. “आणि हे पट्टे कसले? सगळ्या बिल्डिंगसमोर मला कपाटासारखं उतरवणार? मी काय सामान आहे?”

“नाही साहेब,” मुकादम म्हणाला. “सामान गप्प बसतं.”

एव्हाना आमच्या खोलीतली बाकीची पाचही टेबलं माझ्या टेबलाभोवती गोळा झाली होती. पलीकडे कोणी हसलं नाही.

“साहेब, दोन बावन्न झालेत,” काका म्हणाले. “कपडे तर करून बसलायत तुम्ही. पदकंसुद्धा लावलीत. मग?”

“सकाळी लावली होती. लिफ्टच्या भरवशावर.” साहेबांचा आवाज खाली गेला. “तू जा. तिला सांग, ताप आला.”

माझं टाळकं फिरलं. मी फोनवर ओरडले, “साहेब, मी हेल्पलाइनवरून बोलतेय! ताप आलाय तर डॉक्टर पाठवते, माझ्या यादीत सात आहेत! नाही आला तर खाली उतरा!”

“ही कोण?” साहेब म्हणाले.

“जाऊ द्या, ताई,” मुकादम शांतपणे म्हणाला. “साहेबांचं बरोबर आहे. चिठ्ठीशिवाय आम्हीही काही हलवत नाही. नियम आहे. ए, चिठ्ठीचं पुस्तक काढ.”

कागद फाडल्याचा टर्रकन आवाज आला. मुकादम मोठ्याने बोलत लिहायला लागला. “एक नग. व्हीलचेअरसह. नाजूक. पाचवा मजला ते परेड मैदान. सही करा, साहेब.”

मोठ्या बाईंच्या घड्याळाचा काटा तेवढा फिरत होता.

“हे चूक आहे,” साहेब म्हणाले.

संपलं, असं मला वाटलं.

“एक नग काय? दोन नग. माणूस वेगळा, खुर्ची वेगळी. माझ्या स्टोअरमध्ये अशी नोंद केली असतीत तर बाहेर काढलं असतं तुम्हाला. आणि परतीची वेळ कुठेय? गेलेली वस्तू परत कधी येणार ते लिहायचं असतं.”

“सांगा, लिहितो.”

“लिहा, संध्याकाळी सात. लेकीसोबत.” मग जरा थांबून, “पेन द्या इकडे.”

आमच्या खोलीत जो आरडाओरडा झाला, तो त्या पाचव्या मजल्यापर्यंत ऐकू गेला असेल. गिरकी मी एकटीने नाही घेतली.

मग जिना. आम्हाला फक्त पावलं ऐकू येत होती आणि मुकादमाची शीळ. चौथा मजला. तिसरा. दुसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं आणि एक बाई म्हणाली, “अगंबाई, साहेब! कुठे निघालात?” आणि साहेब मुकादमाच्या पाठीवरून म्हणाले, “माझ्या मुलीची परेड आहे. फायर ब्रिगेडमध्ये लागली ती.” त्यात इतका रुबाब होता की मला रडू फुटलं. मी सरळ रडले, लपवलं नाही.

तीन चौदाला ट्रक निघाला. साहेब मागे, जिथे फ्रिज बांधतात तिथे, खुर्चीला चार पट्टे आणि दोन्ही बाजूंना दोन माणसं. पुढे काका, फोन शर्टाच्या खिशात. “वेग कमी कर, मागे साहेब आहेत. अरे वेग वाढव, चार वाजतायत!” ही दोन्ही वाक्यं एका श्वासात. पोराने आता उत्तर देणं सोडलं होतं.

मोठ्या बाईंनी दुसऱ्या फोनवरून मैदानाचं फाटक गाठलं. फाटक पावणेचारला बंद होणार होतं. दोन मिनिटं थांबाल का, असं बाईंनी इतक्या गोड आवाजात विचारलं की मी चाट पडले. आमच्याशी तशा कधी बोलत नाहीत. पहारेकरी म्हणाला, हुकूम म्हणजे हुकूम.

ट्रक फाटकाशी पोचला तेव्हा तीन एकोणपन्नास झाले होते.

“बंद आहे, ताई,” काका म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खणखणीत नव्हता. “बँड वाजतोय आत. ऐकू येतंय.”

आम्हालाही येत होतं. चार मिनिटं. माझी चार मिनिटं. मी तो पत्ता नीट विचारला असता तर ते केव्हाच आत असते. चूक माझी होती आणि खुर्ची त्या पोरीसाठी रिकामी राहणार होती. काहीतरी कर, काहीतरी कर, असं मी स्वतःला म्हणत होते, आणि मला आठवलं माझं लोखंडी कपाट.

“मुकादम! तुमच्या ट्रकच्या मागे ती लोखंडी फळी आहे ना? बटण दाबलं की वर जाते ती? कपाटं चढवायची?”

“आहे की.”

“मैदानाची भिंत केवढी आहे?”

मग मुकादम एवढ्या मोठ्याने हसला की स्पीकर खरखरला. “पुरुषभर! ए, रिव्हर्स घे! भिंतीला लाव!”

“मी सांगतो!” काका ओरडले. “ये, ये, ये, डावीकडे काट, ये, ये, बस्स!” पंचवीस वर्षांची फौजेची गाडी त्या एका ‘बस्स’मध्ये होती. फळीचा घर्र आवाज सुरू झाला. कुणीतरी म्हणालं, ब्रेक लावा चाकांना. कुणीतरी म्हणालं, धरा, दोन्ही बाजूंनी धरा.

“काका, काय दिसतंय? बोला ना!”

“साहेब वर आहेत, ताई. भिंतीच्या वर. सगळ्यात उंच खुर्ची त्यांची आहे! तो मंडपात बसलेला बडा पाहुणासुद्धा खाली आहे!” काका धापा टाकत बोलत होते. “आले. रांगा आल्या. कुठली ती, सगळ्यांच्या टोप्या सारख्याच… ती! तिसऱ्या रांगेत, कडेची! ती मंडपाकडे बघतेय. पहिल्या रांगेत शोधतेय. नाही दिसले. तोंड उतरलं तिचं. अगं पोरी, इकडे! वर बघ!”

रांगेतल्या पोरीला हाक मारायची नसते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी ते ओरडत होते. तेवढ्यात ट्रकचा हॉर्न वाजला. एकदा, लांब. तो गप्प बसलेला पोरगा!

“बघितलं,” काका म्हणाले. “ताई, तिने बघितलं.”

“मग?”

“मान नाही वळवली. डोळे वळवले फक्त. पण पाऊल कसं पडतंय तिचं आता, तुम्ही बघायला हवं होतं. साहेबांनी सलाम ठोकलाय. हात खालीच घेत नाहीत. रांग गेली पुढे, तरी हात तसाच.” बँड वाजत राहिला. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला.

शपथ झाली, टाळ्या झाल्या. नंतर धावत येणारे बूट ऐकू आले आणि भिंतीपलीकडून एका पोरीचा आवाज, “बाबा! तुमच्या खुर्चीच्या हातावर ‘नाजूक, ही बाजू वर’ असं का चिकटवलंय?” सगळे हसत सुटले. फळी खाली आली, फाटक उघडलं, सगळी गडबड फोनपासून दूर गेली.

लाइन मात्र चालूच होती.

“ताई,” काका म्हणाले, “उपकार झाले. ठेवतो.”

“थांबा. फॉर्म पूर्ण करायचाय.” मी नवीन कोरा फॉर्म पुढे ओढला. मुकादमाचं ते बोलणं आता माझ्या डोक्यात नीट पोचलं होतं. दोन वर्षं. चिकटपट्टी त्याच्या हातची. “तुम्ही कसे आहात, काका?”

“मी? एकदम मजेत.”

मी गप्प बसले. मला गप्प बसणं जमत नाही हे सगळ्या खोलीला ठाऊक आहे, पण मी बसले. पलीकडे दूर कुणीतरी हसत होतं. बऱ्याच वेळाने काकांनी घसा साफ केला.

“ताई, माझा एक मित्र आहे.”

माझं पेन दुसऱ्या रकान्यावर होतं. मी काहीच लिहिलं नाही. या वेळी मी विचारलं.

“कोण मित्र, काका?”



“मीच,” ते म्हणाले. “मीच आहे, ताई. घरात खोकी आहेत. ही गेली, त्याच्या आठ दिवस आधी तिनेच भरली होती. प्रत्येकावर काय काय आहे ते तिच्या हाताने लिहिलंय. मला एकट्याला उघडवत नाहीत.”

मी बोलणार, इतक्यात फोनजवळ चाकं करकरली आणि साहेबांचा आवाज आला.

“किती खोकी?”

“एकोणीस, साहेब.”

“यादी?”

“नाही.”

“एकोणीस खोकी आणि यादी नाही. आणि मला दोन वर्षांत बोलला नाहीस.” चाकं आणखी जवळ करकरली. “तुझं घर बैठं आहे ना? मुकादम, उद्या सकाळी नऊ वाजता मला उतरवायला या. चिठ्ठी घेऊन. एक एक खोकं उघडायचं, मी लिहून घेईन. घाई नाही करायची.”

“बरं, साहेब,” काका म्हणाले. ते ‘बरं’ नीट ऐकू आलं.

मी रकान्यात ‘स्वतः’ लिहिलं. नऊ वर्षांत तो शब्द मी शेकडो वेळा लिहिला असेल. समोरच्याने सांगितल्यावर लिहायची ही पहिलीच वेळ होती.